अमेरिकेचा ‘मी’ आणि स्वीडनचा ‘मी’

व्यक्तिवाद म्हटलं की आपल्याला अमेरिकाच आठवते. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांनी १९८० मध्ये व्यक्तिवादानुसार देशांची जी गाजलेली क्रमवारी मांडली, तिच्यातही अमेरिका ९१ गुणांनी पहिली. स्वीडन ७१, भारत ४८.

पण कॉलेजच्या मदतीचा फॉर्म भरायला बसा. अमेरिकेत २४ च्या आतल्या अविवाहित विद्यार्थ्याला बहुतेक वेळा आईवडिलांची कमाई दाखवावी लागते. थेट आपला तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाच! स्वीडनमध्ये विशीतला मुलगा स्वतःच्या नावावर अनुदान आणि कर्ज घेतो. बाबा किती कमावतात, हे कुणी विचारत नाही. त्याची स्वतःची कमाई तेवढी बघतात.

नवरा-बायकोचंही तेच. अमेरिकेत १९४८ मध्ये जोडीने कर भरणाऱ्या नवरा-बायकोची कमाई एकत्र करून, निम्मी-निम्मी धरून कर लावायला सुरुवात झाली. स्वीडनने १९७१ मध्ये दोघांच्या पगाराचा हिशेब वेगळा केला. बायकोच्या पगाराला नवऱ्यामुळे चढा दर लागायचा, तो थांबला.

अमेरिकन माणसाला सरकारपासून मोकळीक हवी असते. स्वीडिश माणसाला ती घरच्यांच्या उपकारांपासून हवी, आणि ती तो सरकारकडूनच घेतो, भरपूर कर मोजून. मला तर हाच जास्त पक्का व्यक्तिवादी वाटतो. मग गुण कमी का? हॉफस्टेड यांची प्रश्नावली आयबीएमच्या कर्मचाऱ्यांसाठी होती, आणि हे गुण नोकरीत काय हवं, या प्रश्नांवरून काढले होते.