क्लिप की कॉइल? मेंदूतल्या फुग्यावरचे उपाय

मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा म्हणजे हा फुगा (अ‍ॅन्युरिझम). क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो तिथे, टायटॅनियमची चिमटी बसवतात. बरं व्हायला आठवडे लागतात, पण काम पक्कं. कॉइलिंगमध्ये जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरतात. फुटलेल्या फुग्यांवरच्या २००२च्या आयसॅट चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगमध्ये २३.७ टक्के, क्लिपिंगमध्ये ३०.६ टक्के होतं.

कॉइलची खोड एकच: मान ४ मिमीपेक्षा रुंद असली की रक्ताच्या माऱ्याने वेटोळी दबतात आणि फुगा पुन्हा भरतो. म्हणून अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांचं चित्र घेणाऱ्या तपासणीचा) पाठपुरावा चुकवू नये. फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा ओघ फुग्यापासून वळवणारी धमनीत बसवायची बारीक जाळीची नळी, मोठ्या फुग्यांना उत्तम. मात्र अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्यामुळे ताज्या रक्तस्रावात तो सहसा टाळतात. मिडल सेरेब्रल धमनीच्या (मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एका मोठ्या धमनीच्या) फाट्यावरच्या फुग्यांसाठी आमचं मत अजूनही क्लिपलाच.