हेल्मेट हाफ-फेस की फुल-फेस?
सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा लक्ष्मी मंडईत भाजीला जाताना फुल-फेस घालायचं म्हणजे शिक्षाच; कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो. हाफ-फेस हलकं, वारं लागतं, मावा थुंकणाऱ्यांची तर सोयच! पण तोंडावर आपटलात तर हनुवटी, जबडा, दात उघडेच. पुणे हायवेला मोहोळकडे निघालो की मी फुल-फेसच घालतो. ट्रकमागून उडालेली खडी काचेवर टणकन आदळली की उकाडा आठवतही नाही. कायद्याला दोन्ही चालतात. आयएसआय मार्क हवा आणि पट्टा लावलेला हवा. नाहीतर १,००० रुपये दंड, वर लायसन्सही ३ महिने जाऊ शकतं. रस्त्याकडेला मिळणारी टोपीवजा हेल्मेटं मी या तुलनेत धरलेलीच नाहीत.