माता-बाल संरक्षण कार्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गरोदरपणाची नोंद करताना सरकारी उपकेंद्रात जे माता-बाल संरक्षण कार्ड विनामूल्य मिळते, त्याविषयी हे परीक्षण आहे. केंद्राचे आरोग्य मंत्रालय आणि महिला व बालविकास मंत्रालय यांनी मिळून हे कार्ड 2010 मध्ये आणले आणि 2018 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. नाव कार्ड असले तरी ती आता चांगली पानापानांची पुस्तिका आहे. जून 2024 मध्ये सातारा जिल्ह्यातील माझ्या सासरच्या गावी आशाताईंनी माझी नोंद करवून घेतली, त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत मी हे कार्ड आणि फोनवरचे एक ॲप अशी दोन्ही साधने शेजारी ठेवून वापरली. दिवस मोजण्यासाठी आणि पुढची तयारी करण्यासाठी कार्ड मला अधिक उपयोगी पडले. मात्र त्यातील एका रकान्याकडे प्रत्येक गरोदर स्त्रीने स्वतः लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तो रकाना म्हणजे प्रसूतीची संभाव्य तारीख.

माझी शेवटची पाळी 10 एप्रिलला आली होती. नर्सताईंनी त्यात नऊ महिने सात दिवस मिळवून कार्डावर 17 जानेवारी 2025 ही तारीख लिहिली. ॲप सरळ 280 दिवस मोजते, म्हणून त्याने 15 जानेवारी दाखवली, कारण महिने कधी तीस तर कधी एकतीस दिवसांचे असल्याने दोन्ही रीतींत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. माझ्या आजेसासूबाई मात्र ‘नऊ महिने नऊ दिवस’ या आपल्या जुन्या हिशेबावर ठाम होत्या आणि त्यांच्या बोटांवर 19 जानेवारी येत होती. या तिन्ही तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, हे पाहून मला जुन्या बायकांच्या मोजणीविषयी मनापासून आदर वाटला. पण तिन्ही हिशेबांचा पाया एकच आहे: पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भधारणा होते, असे त्यांत गृहीत धरलेले असते. माझी पाळी नेहमी छत्तीस-अडतीस दिवसांनी येत असे. 3 जुलैला झालेल्या पहिल्या सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय 10 आठवडे 4 दिवस निघाले, पाळीच्या हिशेबाने मात्र त्या दिवशी बारा आठवडे पूर्ण होत होते. त्यानुसार प्रसूतीची तारीख 25 जानेवारी ठरली.

तेराव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत केलेल्या सोनोग्राफीचे माप सर्वांत विश्वसनीय मानले जाते, कारण त्या काळात सगळी बाळे जवळजवळ एकाच गतीने वाढतात. नऊ ते तेरा आठवड्यांच्या दरम्यानच्या तपासणीत पाळीच्या तारखेशी सात दिवसांहून अधिक फरक आला, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात आणि एकदा धरलेली ती तारीख पुढे बदलत नाहीत. माझ्या आठव्या महिन्यातील अहवालावर यंत्राने आणखी निराळी तारीख छापली होती. ती पाहून घरात गोंधळ उडाला, पण त्या वयात यंत्र बाळाच्या आकारावरून अंदाज करते आणि बाळाचा बांधा लहान की मोठा, यावरून तो अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. कार्डावरच्या एकाच रकान्यात माझी जुनी तारीख खोडून नवी लिहावी लागली आणि तेथे शाई फुटली. मग मी डॉक्टरांना विनंती करून शेजारच्या कोऱ्या जागेत ‘पहिल्या सोनोग्राफीनुसार 25 जानेवारी 2025’ असे स्पष्ट अक्षरांत, सहीसह लिहून घेतले. या दोन तारखांसाठी दोन वेगळे रकाने असायला हवेत, अशी माझी या कार्डाविषयीची मुख्य तक्रार आहे.

ही तक्रार किरकोळ का नाही, ते मला जानेवारीत कळले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून मी डिसेंबरच्या अखेरीस नाशिकला आले होते. तेथील रुग्णालयात तपासणीला गेल्यावर पाळीची तारीख विचारून हिशेब केला गेला आणि तारीख उलटून गेली आहे, कळा सुरू करण्याचे औषध द्यावे लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले. आईचे तोंड उतरले. मी कार्ड पुढे केले. सही असलेली ती ओळ आणि सोबत जोडलेला पहिला अहवाल वाचून तेथील डॉक्टरांनी थांबण्याचा निर्णय घेतला, बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावले. बाळ 27 जानेवारीला, आपणहून कळा येऊन झाले. खऱ्या हिशेबाने तेव्हा 40 आठवडे 2 दिवस झाले होते, ॲपच्या हिशेबाने मात्र 41 आठवडे 5 दिवस. एकेचाळिसाव्या आठवड्यापुढे डॉक्टर फार थांबत नाहीत आणि ते योग्यच आहे, म्हणूनच मोजणीचा आरंभ बरोबर असणे इतके महत्त्वाचे आहे. नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवले तर तारखेच्या आसपास येणारे फोनही थोडे कमी होतात.

तपासण्यांची पाने मला कार्डाचा सर्वांत भक्कम भाग वाटतात. किमान चार भेटी त्यात धरलेल्या आहेत: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आणि चौथी छत्तिसाव्या आठवड्यानंतर. प्रत्येक भेटीला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी यांची नोंद होते, त्यामुळे मागच्या आणि पुढच्या आकड्यांची तुलना कोणीही करू शकते. माझे हिमोग्लोबिन ऑगस्टमध्ये 9.8 होते. 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, हे नर्सताईंनी त्या रकान्यावर बोट ठेवून समजावले आणि चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 लोहगोळ्यांचा नेम मी त्या आकड्याकडे पाहून पाळला. डिसेंबरमध्ये तेथे 11.2 लिहिले गेले, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, हीही त्यांनीच दिलेली सूचना. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या गरोदर मातेच्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावली जाते, त्यामुळे पुढे कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ती पाहताच डॉक्टर सावध होतात.

आठवडे आणि महिने यांचा मेळ घालण्याच्या बाबतीत मात्र हे कार्ड मदत करत नाही. आपल्या घरांत ‘सातवा लागला’ अशीच भाषा चालते, डोहाळजेवणही त्याच हिशेबाने ठरते आणि डॉक्टर मात्र आठवड्यांत बोलतात. छत्तिसाला चारने भागून नऊ महिने पूर्ण भरले असे आईने धरले होते, पण महिना अठ्ठावीस दिवसांचा नसल्यामुळे छत्तीस आठवडे म्हणजे सव्वाआठ महिनेच होतात. एका छोट्या तक्त्याने हा घोळ मिटेल. ॲपमध्ये तो तक्ता होता, ही त्याची जमेची बाजू.

पुढच्या तयारीसाठी प्रसूतिपूर्व नियोजनाचे पान वाचावे, आणि ते नवऱ्यानेही वाचावे. प्रसूती कोठे होणार, सोबत कोण राहणार, वाहन कोणते, रक्ताची गरज पडल्यास कोण देणार, पैसे कोठे ठेवले आहेत, या प्रश्नांची उत्तरे आम्ही बत्तिसाव्या आठवड्यात एकत्र बसून लिहिली आणि 102 व 108 हे दोन्ही क्रमांक घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये घातले. रक्तस्राव, पाणी जाणे, चेहरा व हात सुजणे, तीव्र डोकेदुखी, अंधारी येणे, झटके, बाळाची हालचाल मंदावणे ही धोक्याची लक्षणे चित्रांसह असल्यामुळे आजेसासूबाईंनाही ती समजली. नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी या नियोजनात रजेची भर घालावी लागते, कार्डात ती नाही. कायद्याप्रमाणे पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांतील जास्तीत जास्त आठ आठवडे संभाव्य तारखेच्या आधी घेता येतात. माझ्या बाबतीत तो दिवस 30 नोव्हेंबर होता. चुकीची तारीख कार्यालयात दिली असती, तर हा हिशेब आठ-दहा दिवसांनी हलला असता.

ॲपने मला दर आठवड्याला बाळाच्या आकाराची चित्रे दाखवली, ती पाहायला छान वाटत असे. पण सोनोग्राफीनंतरची तारीख त्यात घालण्याची सोय मला सापडेपर्यंत सप्टेंबर उजाडला होता आणि ॲपमधील नोंदीवर कोणाचीही सही नसते. कार्डाचा कागद मात्र पातळ आहे. रकाने अरुंद असल्यामुळे खासगी दवाखान्यातील डॉक्टरांचे अक्षर त्यांत मावत नाही आणि अहवाल ठेवायला खिसाही नाही. मी पारदर्शक प्लास्टिकचे पाकीट आणून त्यात कार्ड व सर्व सोनोग्राफी अहवाल तारखेप्रमाणे ठेवले, आणि प्रत्येक भेटीनंतर नव्या पानाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवत गेले.

कार्डाचा दुसरा अर्धा भाग बाळाचा आहे. जन्माच्या दिवशीच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीच्या नोंदी त्यात झाल्या. वाढीच्या आलेखावर पहिला ठिपका 2.9 किलोचा पडला आणि दीड महिन्याच्या लसींसाठी पुढच्या रकान्यात पेन्सिलीने 10 मार्च अशी तारीख लिहून नर्सताईंनी कार्ड परत दिले.