क्वांटम आणि भूमिती: तीन वाटांपैकी कोणती धरावी?

क्वांटमचं कोडं, म्हणजे अतिसूक्ष्म कण असे विचित्र का वागतात हा प्रश्न, अवकाशकालाच्या (अवकाश आणि काळ मिळून बनलेल्या पटाच्या) भूमितीनं सुटेल, असं मनापासून वाटणाऱ्यांपुढे तीन मोठ्या वाटा आहेत. कुठलीही धरली तरी वर्षं द्यावी लागतात. म्हणून आधी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: क्वांटमचं वागणं इथे भूमितीतून निघतं, की आधीच गृहीत धरलेलं असतं?

सर्वांत जुनी वाट कालुझा-क्लाइनची. १९२१ साली कालुझानं पाचवी मिती घेऊन गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच भूमितीत बसवलं. १९२६ मध्ये क्लाइननं ती मिती इवल्याशा वेटोळ्यात गुंडाळली. वेटोळ्यावरची लाट फिरून आली की तिचं शेपूट तोंडाशी जुळायलाच हवं. दोन लाटा बसतात, तीन बसतात, अडीच बसत नाहीत. विद्युतभार ठरावीक पटींतच का सापडतो, याचं उत्तर एवढ्यात मिळतं. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण लाट आली कुठून? ती क्वांटमकडूनच उसनी घेतलेली. शिवाय या हिशेबात भारित कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या अब्ज-अब्ज पटींहूनही जास्त येतं.

दुसरी वाट लूप क्वांटम ग्रॅव्हिटीची, म्हणजे गुरुत्वाकर्षणालाच क्वांटमच्या चौकटीत बसवण्याची. ती उलट बाजूनं येते. अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेची (गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची) समीकरणं नव्या चलांत लिहिली. १९९५ मध्ये रोवेल्ली आणि स्मोलिन यांनी दाखवलं की या सिद्धांतात क्षेत्रफळसुद्धा सुट्या तुकड्यांतच मिळतं. इथे भूमितीला क्वांटमचे नियम लावले जातात. ते नियम तसे का, याचं उत्तर इथे शोधू नका.

तिसरी वाट मला सर्वांत जिवंत वाटते. १९३५ मध्ये आइनस्टाइन यांचे दोन शोधनिबंध सुमारे दीड महिन्याच्या अंतरानं आले: एक गुंतलेल्या कणांवर (दूर असूनही ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळलेली असतात अशा कणांवर), दुसरा अवकाशाचे दोन भाग जोडणाऱ्या पुलावर. २०१३ मध्ये माल्दासेना आणि सस्किंड म्हणाले, या दोन्ही गोष्टी एकच असाव्यात. जुळणी बघण्यासारखी आहे. त्या पुलावरून कुणी आरपार जाऊ शकत नाही, आणि गुंतलेल्या कणांमधून निरोप धाडता येत नाही. त्याआधी २००६ मध्ये र्‍यू आणि ताकायानागी यांनी गुंतणुकीचं माप थेट एका पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी जोडलं होतं. अडचण अशी, की हे गणित पक्कं बसतं ते ऋण वक्रतेच्या (खोगिरासारख्या वाकलेल्या) अवकाशात, आणि आपलं विश्व तसं नाही. शिवाय इथेही मूळ धागा क्वांटमच असतो. भूमिती त्यातून विणली जाते.

तेव्हा आपल्याच विश्वाची समीकरणं हवी असतील तर लूप घ्या. क्वांटम आणि भूमितीचं नातं हवं असेल तर तिसरी. कालुझा-क्लाइन आठवडाभर हातानं सोडवा, आयुष्य त्यावर लावू नका. आणि काहीही निवडलंत तरी आधी बेलचं १९६४ चं प्रमेय स्वतः मांडून बघा. कणांच्या पोटात आधीच लपलेली उत्तरं आणि प्रकाशाच्या वेगाची मर्यादा, एवढ्यावर उभी केलेली कुठलीही भूमिती तिथेच अडते, कारण तिला क्वांटमची सगळी भाकितं देता येत नाहीत.