फ्लॅट भाडेकरूला द्यावा की पर्यटकांना?

साताऱ्यात शाहूनगर-गोडोलीकडे दुसरा फ्लॅट असलेल्या अनेकांच्या डोक्यात हा हिशेब चालू असतो.

11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला की डिपॉझिट हातात येतं, भाडं दरमहा मिळतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी केली की दोघंही निर्धास्त. पैसा मात्र बेताचा.

दिवसावर दिला, तर कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार हातोहात जातात. पण फुलं ओसरली, ठोसेघरचं पाणी आटलं की गिऱ्हाईक महाबळेश्वर गाठतं. चादरी, सफाई, ॲपचं कमिशन, रात्री अकराला किल्लीसाठी फोन करणारा पाहुणा, सोसायटीची कुरबुर, सगळं मालकाच्या गळ्यात.

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचते. एमआयडीसीत नोकरी लागलेलं जोडपं घर शोधतं, तेव्हा पर्यटकांसाठी राखलेला फ्लॅट त्यांच्यासाठी बाजारात नसतोच. मागणारे तेवढेच, घरं कमी. मग उरलेल्यांची भाडी चढतात. बार्सिलोनाने याच कारणाने सुमारे 10,000 पर्यटक फ्लॅटचे परवाने 2028 पर्यंत संपवायचं 2024 मध्ये जाहीर केलं. न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून 30 दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी लागते आणि पाहुणे असताना तोही त्याच घरात असावा लागतो.

साताऱ्यात वेळ अजून तिथवर आलेली नाही. राहत्या घरातली जादा खोली पर्यटकांना जरूर द्या, त्यात कुणाचं छप्पर जात नाही. अख्खा टू बीएचके मात्र भाडेकरूलाच द्यावा, वर्षाकाठी चार पैसे कमी मिळाले तरी.