माटोळीखाली बसून शिकवलेलं लोकवनस्पतिशास्त्र : आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा ठरवलं, यंदा लोकवनस्पतिशास्त्र, म्हणजे लोक झाडं कशी ओळखतात आणि वापरतात याचा अभ्यास, जुन्या नोट्सवर शिकवायचं नाही. परदेशातल्या प्राध्यापकांनी सर्वांसाठी मोकळे ठेवलेले पाठ उतरवून घेतले. झाडांचे फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरून घेतले. आता फेब्रुवारी संपत आलाय.

आधी परवाना बघा, हे मी ठेच लागून शिकले. दोन सुरेख पाठांवर क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे मोकळ्या वापराच्या परवान्याची, खूण होती, पण 'एनडी'ची, म्हणजे बदल करून पुढे वाटायला मनाई. मराठीत केलेलं भाषांतर दुसऱ्या कॉलेजला देता आलं नाही, पंधरा दिवसांची मेहनत तशीच पडून राहिली. आता 'बीवाय-एसए' असेल तरच हात लावते: नाव द्या, बदला, आणि बदललेलंही तसंच मोकळं ठेवा.

मुलाखतीचा पाठ मात्र सोन्यासारखा निघाला. समोरच्याला आठवतील तेवढी झाडं सांगू द्यायची. जे नाव पुष्कळांच्या तोंडी आणि लवकर येतं, ते त्या गावाच्या जास्त जवळचं. मूळ पाठात दुकानातली फळं होती, आम्ही तिथे माटोळी घातली, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-फुलं-पानं टांगून करतात ती सजावट. चवथीला मुलांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरांतून याद्या आणल्या: माट्टी, कांगलां, आटकी, कवंडळ, कुड्याच्या शेंगा.

कुड्यापाशी वर्ग अडला. आम्ही केलेल्या कार्डावर फोटो काळ्या कुड्याचा आणि नाव पांढऱ्याचं. एका विद्यार्थिनीच्या आजीने कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि शेंगांच्या टोकावर बोट ठेवलं. इथे जोडी टोकाला चिकटलेली आहे, औषधाच्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. अगदी बरोबर. राइटिया (काळा कुडा) आणि होलार्हेना (पांढरा, औषधाचा कुडा) ओळखायची हीच खूण. कार्ड त्याच रात्री दुरुस्त केलं, खाली आजीचं नाव घातलं, तिला विचारूनच. छापील पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहिली असती.

नाव घालण्याबद्दल मी हट्टी आहे. 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या डच ग्रंथाच्या १६७८च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. मुलांना ते पान दाखवलं तेव्हा वर्ग शांत झाला.

पण सगळंच मोकळं ठेवायचं नसतं. एका मुलाने आजोबांकडचं एक औषध आमच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकलं. आजोबा म्हणाले, "हें भायर सांगूं नाका." आम्ही ते लगेच काढलं. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं, सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजोबांची भीती खरीच आहे. उतरवलेल्या पाठांत संमतीवर जेमतेम अर्धं पान होतं, म्हणून आम्ही एक कोंकणी-मराठी संमतिपत्र जोडलं. त्यात तीन प्रश्न आहेत: लिहू का, नाव घालू का, बाहेर देऊ का. तिसऱ्याला बऱ्याच जणांनी नकार दिला. त्या नोंदी वहीतच आहेत, आणि वह्या ज्यांच्या त्यांच्या घरी.