बेव्हर्ली हिलबिलीज: पाच डॉलरचा डबा की सीझनचा संच?

जुन्या अमेरिकन विनोदी मालिका जमवणाऱ्याला ‘आय लव्ह लूसी’ किंवा ‘द हनीमूनर्स’ घेताना फार डोकं चालवावं लागत नाही. अधिकृत संच आहेत, खिसा बघून घ्यायचे. घोळ होतो तो ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’च्या, म्हणजे तेल लागून एकाएकी श्रीमंत झालेल्या खेडवळ कुटुंबाच्या मालिकेच्या बाबतीत. एका बाजूला सवलतीच्या दुकानातले चार-पाच डॉलरचे डीव्हीडींचे डबे, दुसऱ्या बाजूला एकेका सीझनचा अधिकृत संच. दोन्हींवर तेच चार चेहरे आणि तीच खटारा गाडी. मी दोन्ही घेतले, त्यातला एक नसता घेतला तरी चाललं असतं.

स्वस्त डबे बाजारात आले कसे, ते आधी. 1964 पूर्वीच्या अमेरिकन कामांचा कॉपीराइट 28 वर्षांनी नव्यानं नोंदवावा लागायचा. या मालिकेच्या पहिल्या सीझनचे सगळे 36 आणि दुसऱ्याचे 19, असे 55 भाग त्यातून निसटले. त्यामुळे कुणीही उठावं, जुनी प्रिंट मिळवावी आणि डिस्क काढावी. यात बेकायदा काही नाही, आणि मी स्वतः वर्षभर असाच एक डबा आनंदानं बघितला. तेव्हा नाक मुरडायचा हक्क मला तसा कमीच.

माझ्याकडे ही मालिका शिरली ती आईमुळे. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली होती. गावच्या वाचनालयातून मी अधिकृत संचातल्या पहिल्या डिस्क आणल्या. आईचं इंग्रजी बेतास बात, पण त्या कुटुंबातली आजी, ग्रॅनी, तिला पहिल्याच दिवशी कळली. श्रीमंत बंगल्यातलं बिलियर्डचं टेबल म्हणजे जेवायचं टेबल, असं समजून ही मंडळी त्यावर पानं मांडतात, आणि लांबच्या माणसाकडे भांडं सरकवायला क्यूची काठी वापरतात. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग म्हणाली, “अरे, सोय चांगली आहे की! आपल्याकडं पंगतीला वाढप्यांचं कंबरडं मोडतं.”

वाचनालयाचा संच परत गेला, पुढच्यासाठी मोठी रांग होती, म्हणून मी पाच डॉलरचा डबा उचलला. संध्याकाळी आई आत भाकरी थापत होती. मी डिस्क लावली आणि हाक मारली नाही, कारण हाकेची कधी गरजच पडली नव्हती. बँजो वाजला की ती हात पुसत बाहेर यायची. त्या दिवशी आलीच नाही. पाच मिनिटांनी डोकावली. “सुरू झालं? गाणं कुठाय रे?”

गाणं नव्हतं. त्या जागी कुठल्या तरी लग्नाच्या व्हिडिओत शोभेल अशी फुकटातली धून होती. कारण सरळ आहे. भागांचा कॉपीराइट गेला, पण शीर्षकगीताचा हक्क वेगळा, आणि तो जिवंत आहे. मग डबेवाले काय करतात, तर गाणं कापतात आणि त्यावर काहीबाही चिकटवतात. पॉल हेनिंग यांनी मालिका रचली आणि ते गाणंही त्यांनीच लिहिलं. वाजवणारी फ्लॅट आणि स्क्रग्ज ही वादकांची जोडी, गायलेलं जेरी स्कॉगिन्स यांनी. घरातला कर्ता जेड शिकारीला गेला, गोळी जमिनीत घुसली, तेल वर आलं, नातेवाईक म्हणाले कॅलिफोर्नियाला जा, अशी सगळी पूर्वपीठिका त्या एका गाण्यात आहे. ते काढलं की ही माणसं महालात फाटक्या टोपीनं का वावरतात, हे नव्या माणसाला कळायचं कसं?

कुणी म्हणेल, एका गाण्यासाठी एवढं काय? मीही आधी तसंच म्हटलं असतं. पण घरात मालिका बघणाऱ्यांना ठाऊक आहे, शीर्षकगीत म्हणजे घंटा. ते कानावर पडलं की कुकरचा गॅस बारीक होतो. रोज ती बेगडी धून ऐकून मला अक्षरशः चीड यायला लागली, आणि तिथंच माझं ठरलं.

बाकीच्या गोष्टी मग दुय्यम. चित्राचं म्हणाल तर अधिकृत संच बराच उजवा. डब्यातल्या प्रिंटा बहुधा स्थानिक वाहिन्यांना फिरवून झालेल्या 16 मिलिमीटर फिल्मच्या असाव्यात. ग्रॅनीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि प्रिंटवरचे ओरखडे यांतला फरक मला कधी कधी करता आला नाही. एक-दोन भाग घड्याळ लावून पाहिले, तर माझ्या हिशेबानं तीनेक मिनिटं कमी भरले. जाहिरातींना जागा करायला पूर्वी कधी तरी छाटलेले असतील. सगळेच डबे असे असतील, असं मी म्हणत नाही.

आणखी एक. वेगळं वेष्टन बघून दुसरा डबा घेऊ नका. मी घेतला, त्यातले निम्म्याहून जास्त भाग पहिल्या डब्यातलेच निघाले. निघणारच, सगळ्यांची विहीर तीच 55 भागांची. मालिका 1962 ते 1971 चालली, भाग 274, आणि चौथ्या सीझनपासून रंगीत. डब्यांच्या भरवशावर राहिलात तर रंग दिसायचेच नाहीत.

मधला मार्गही आहे. हेनिंग कुटुंबाच्या सहकार्यानं निघालेल्या ‘अल्टिमेट कलेक्शन’च्या दोन खंडांत भाग मूळ गाण्यासह आहेत, आणि त्या काळच्या प्रायोजकांच्या जाहिरातींचे तुकडेसुद्धा. जेडच्या घरातली मंडळी सिगारेटची भलामण करताना बघणं हा वेगळाच धक्का. जुने मिळाले तर जरूर घ्या. मात्र सलग सीझन बघायचे असतील तर ते पुरणार नाहीत.

अधिकृत बाजूची खोटही सांगतो. जुन्या अमेरिकन डीव्हीडींवर पुष्कळदा सबटायटल्सऐवजी क्लोज्ड कॅप्शन्स, म्हणजे टीव्हीनं स्वतः उलगडून दाखवायची अक्षरं असतात, आणि ती एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीपर्यंत पोचत नाहीत. आईसाठी मी अडगळीतून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी शोधून काढल्या, तेव्हा कुठं अक्षरं दिसली. दुसरं म्हणजे रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. अमेरिकेतला संच रीजन एकचा, भारतातले प्लेअर पाचचे. डब्यातल्या डिस्कना असं कुलूप बहुधा नसतं. माझ्या डब्यातली एक आईबरोबर साताऱ्याला गेली आणि तिथल्या साध्या प्लेअरवर निमूट चालली.

तेव्हा नुसती चव बघायची असेल, मुलांना आवडेल की नाही याची खात्री नसेल, किंवा डिस्क थेट भारतात पाठवायची असेल, तर पाच डॉलर फार नाहीत. ठेवणीतलं घ्यायचं असेल तर मी पहिल्या सीझनचा अधिकृत संच घेईन, आणि घेतलाच. साताऱ्याला सगळे रीजन चालणारा प्लेअर घेऊन दिला. मागच्या रविवारी फोन केला तर मागं बँजो वाजत होता. “नंतर कर,” म्हणाली आणि ठेवून दिला.

दोन्ही डबे अजून माझ्या खणात पडून आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास कुणाला हवे असतील तर न्या. दोन्ही न्यायची गरज नाही, एकच पुरे.